चोथा रस्त्यावर

दोउ वेनबिनच्या दवाखान्यात औषध प्लास्टिकच्या पाकिटात मिळतं. काळा काढा, चारी बाजूंनी सीलबंद, दिवसाला दोन पाकिटं. कोपरा कापायचा, वाटीत ओतायचं, नाक दाबून प्यायचं. मडकं नको, शेगडी नको, घरभर वास नको. लिउकोउ गावातल्या निम्म्या मधुमेहवाल्यांना ही मोठी सोय वाटली. फान सूयिंगला पहिल्या दिवसापासून यात चोरी दिसली.

"चोथा कुठाय?" तिनं नवऱ्याला, लाव होला, विचारलं.

"कसला चोथा?"

"औषधाचा. उकळल्यावर मागं उरतो तो. तो रोग्याचा असतो, म्हाताऱ्या. रोग्याला द्यावा लागतो."

"मशीनमध्ये उकळतात हल्ली," लाव हो म्हणाला. "चोथा मशीनच खात असेल. तू मला पिऊ देणार आहेस का?"

त्यानं पाकीट रिकामं केलं, तोंड वाकडं केलं आणि वर कोमट पाणी प्यायला. सूयिंगनं रिकामं पाकीट उचललं, आत बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. कडू तर सगळीच औषधं असतात. पण हा कडवटपणा जिभेच्या टोकावर सुईसारखा उभा राहिला आणि बसायला तयार होईना. तिला वाटलं, याला मी ओळखते. कुठून ओळखते ते त्या क्षणी आठवेना.

आठवायला हवं होतं. सरकारी औषधालयाच्या काउंटरमागं तिनं एकेचाळीस वर्षं काढली होती. मागं छताला भिडलेली खणांची भिंत, समोर लाकडी काउंटर, हातात छोटा तराजू. वैद्य चिठ्ठी लिहून मोकळा होतो. ते औषध खणातून काढून रोग्याच्या पुड्यात घालतो तो तोलणारा. नाव वैद्याला मिळतं आणि शिव्या तोलणाऱ्याला बसतात. तिच्या काउंटरचा नियम एकच होता. एकावर एक औषध टाकायचं नाही. चिठ्ठीच्या क्रमानं कागदावर वेगवेगळे ढीग लावायचे, म्हणजे बांधण्याआधी दुसरं माणूस येऊन बोट ठेवून तपासू शकतं. हात चुकतो. डोळा चुकतो. चोख असल्याची शेखी मिरवणारा सगळ्यात आधी चुकतो. म्हणून ढीग उघडे ठेवायचे.

आणि चोथा रस्त्यावर टाकायचा तोही याचसाठी. लोक म्हणतात, येणाराजाणारा त्यावर पाय देतो आणि रोग पायाला लागून निघून जातो. सूयिंगला हे ऐकून हसू येई. रोग असा पायानं जात असता तर दवाखान्यांना कुलपं लागली असती. चोथा चौकात पडतो तो नजरेसाठी. रस्त्यानं कुणी जाणता चालला असेल तर त्यानं वाकून बघावं, यात काय घातलंय, कुणी चुकलंय का. गरिबाला दुसरा वैद्य परवडत नाही. रस्ता फुकट असतो.

आता वस्तीच्या समितीनं चौकात पाटी लावली होती. 'औषधाचा चोथा टाकू नये. सुसंस्कृत वस्ती, स्वच्छ वस्ती.' आणि दोउच्या पाकिटांनी उरलेलं काम केलं होतं. आता चोथाच नव्हता.

लाव हो निवृत्त बसचालक. तीस वर्षं तालुक्याची बस चालवली, वाटेत मिळेल तिथं मैद्याच्या वाफवलेल्या पावाला डुकराचं मांस लावून खाल्लं, चौदा वर्षांपूर्वी मधुमेह निघाला तेव्हा म्हणाला, यंत्र बिघडलंय. दोन वर्षांपूर्वी लघवीला बिअरसारखा फेस यायला लागला. सरकारी इस्पितळातल्या नी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, साखरेनं मूत्रपिंडाची चाळण झालीय, प्रथिनं गळताहेत. रक्तातल्या एका आकड्यावर त्यांनी पेनानं गोल केला. क्रिएटिनिन, एकशे साठ. इथल्या मापानं तो शंभराच्या आसपास असायला हवा. गोळ्या दिल्या, मीठ तोडलं, रक्तदाबाचं यंत्र घ्यायला लावलं. त्याच इस्पितळाच्या वैद्यविभागातून ह्वांगची नावाची मुळी आणि आणखी सात औषधं असा साधा काढाही लिहून दिला. बाई स्पष्ट बोलायच्या. "हे सगळं करून आपण वेळ विकत घेतोय. नवं मूत्रपिंड उगवणार नाहीये."

लाव होला ही भाषा पटली नाही. वेळ विकत घ्यायला तो बाजारात आला नव्हता, त्याला बरं व्हायचं होतं. आणि दोउच्या पाटीवर लिहिलेलं होतं, 'डायलिसिस टाळा. घराण्याची गुप्त चिठ्ठी.'

"कुठलं घराणं?" सूयिंग म्हणाली होती. "बाप त्याचा विटा भाजायचा. माझ्या हाताखाली सहा वर्षं मुळ्या कापत होता छोटा दोउ. मी त्याला तराजू धरायला शिकवलं."

"जळतेस तू त्याच्यावर," लाव हो म्हणाला.

तिला खरंच थोडं जळायला होत होतं, आणि ते नवऱ्याला दिसलं याचा जास्त राग आला.

तीन महिने पाकिटं चालली. पायांची सूज उतरली. लाव हो जुने चामडी बूट घालून अंगणात फिरून दाखवायचा. "बघ म्हातारे, लेस बांधता येते." आणि त्याच आठवड्यात रक्ताचा कागद आला. दोनशे अडतीस.

नी डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा वाचला. "काय घेताय?"

"काही नाही," लाव हो म्हणाला.

"पाकिटं घेतोय," सूयिंग म्हणाली.

"त्यात काय आहे?"

हेच तर तिला माहीत नव्हतं. एकेचाळीस वर्षं गावाची औषधं तोलली आणि घरात नवऱ्याच्या पोटात काय चाललंय ते सांगता येईना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ते थांबवा. आणि काय आहे ते शोधा. याच गतीनं गेलं तर नवीन वर्षाच्या सणापर्यंत हे डायलिसिसच्या खुर्चीत असतील."

लाव हो त्याच दुपारी दोउकडे गेला आणि हसत परत आला. "तो म्हणाला, विष बाहेर पडतंय. बाहेर पडताना आकडा आधी चढतो, मग उतरतो."

"आणि तुला पटलं."

"पाय बघ माझे."

"पायानं मुततोस का तू?"

तो रागानं टीव्हीकडे तोंड करून बसला. आणि रात्री जेवणानंतर तिच्यासमोर पाकिटाचा कोपरा कापला, सावकाश, तिला दिसेल असा.

दुसऱ्या दिवशी सूयिंग दवाखान्यात गेली. नीट गेली, केस विंचरून, चांगला कोट घालून. खिडकीतल्या बाईला म्हणाली, हो आडनावाच्या रोग्याचा चोथा द्या.

"आजी, वीस जणांचं एकत्र उकळतं. कुणाचा कुठला कसा सांगणार?"

"वीस जणांचं एकत्र? वीस जणांचा रोग एक आहे का? एकाची जीभ पांढरी, दुसऱ्याची लाल. मग नाडी कशाला बघतो तो, हात धरायची हौस आहे म्हणून?"

मागं रांगेत कुणीतरी हसलं. खिडकीतल्या बाईनं खिडकी लावून घेतली.

सूयिंग घरी न जाता वळसा घालून मागच्या गल्लीत गेली. चोथा मशीन खात नाही हे तिला ठाऊक होतं. जे उकळतं ते उरतंच, आणि उरतं ते कुठंतरी जातं. तासाभरानं एक तीनचाकी आली. चालक भोपळ्याची शेती करणारा होता. दवाखान्याच्या मागच्या दारातून त्यानं ओली, वाफाळणारी पोती काढून रचायला सुरुवात केली.

"एक पोतं दे मला."

"तुमच्याकडं भोपळे आहेत?"

"नवरा आहे."

त्यानं तिच्याकडं पाहिलं, मग पोत्याकडं, आणि खांदे उडवले. "न्या. मला तर फुकटच मिळतं. पण खरं सांगू, यंदा भोपळ्याचे वेल काही धरत नाहीत."

तिनं पोतं फरफटत घरी आणलं. अंगणात जुनी चादर पसरली, त्यावर चोथा ओतला आणि मांडी घालून बसली. शिजलेली मुळी रंग सोडते, आकार सोडत नाही. बोटांना सगळं आठवत होतं. ह्वांगचीच्या पिवळट चकत्या, मधोमध फुलासारख्या. बरोबर. रेवंदचिनी, जरा जास्तच. नऊ वेळा वाफवलेली म्हणून विकलेली आणि जेमतेम दोनदा वाफवलेली दीह्वांगची मुळी. चोर लेकाचा. फूलिंगचे पांढरे चौकोन. बरोबर. आणि मग एक गोल चकती, बोटाच्या पेराएवढी, पिवळट करडी. तिनं ती पाण्यात धुतली आणि उन्हाकडं धरली. चकतीत बारीक भोकांची वर्तुळं होती, एकात एक, आणि मधून बाहेर रेषा गेलेल्या. कोळ्याचं जाळं.

तिनं कोपरा चावला. जिभेच्या टोकावर ती सुई उभी राहिली.

ती थुंकली आणि तिनं चूळ भरली. क्वानमूथोंग. ईशान्येच्या डोंगरातली वेल. लघवी मोकळी करते, सूज पाण्यासारखी उतरवते, आणि मूत्रपिंड आतून सुकवून टाकते. सरकारनं तिच्यावर बंदी आणून कितीतरी वर्षं झाली होती. बंदी आली त्या दिवशी सूयिंगनंच आपल्या हातानं चौथ्या रांगेतला तो खण रिकामा केला होता, आणि पोती उचलायला छोटा दोउ तिच्या शेजारी उभा होता.

"बघ," तिनं चकती नवऱ्यापुढं धरली.

"लाकूड आहे."

"यानंच तुझा आकडा चढवलाय. यानंच पायही उतरवलेत."

लाव होनं चकतीकडं नीट पाहिलंही नाही. "दहा वर्षं झाली तुला तराजू सोडून. डोळ्यात मोतीबिंदू, जीभ म्हातारी. आणि तो गावचा मोठा वैद्य झाला. तुला बघवत नाही."

"उद्या पाकिटं आणायची आहेत ना तुला?"

"आणणार."

"मग उद्याच दाखवते."

सकाळी सातला दवाखान्यापुढं रांग लागते. चौकातच आहे तो, पाटीच्या बरोबर समोर. तीस-चाळीस माणसं, बहुतेक म्हातारी, हातात पिशव्या, कुणी सोयाबीनचं दूध पीत. लाव हो रांगेत सातवा होता. आठवी शेजारची चियाव मावशी, जिभेला हाड नसलेली.

सूयिंग चाकांच्या पिशवीत पोतं घालून आली. तिनं रस्त्याच्या मधोमध पोतं उलटं केलं.

लाव होनं मान वळवली आणि दुकानाच्या फळीवरचं काहीतरी वाचू लागला.

"भाऊ, ती तुमची ना?" चियाव मावशी म्हणाली.

"कोण?"

"ती. तुमच्या घरात राहते ती."

सूयिंगनं सोबत आणलेला ठेंगणा स्टूल मांडला, औषधालयाचे जुने पुड्याचे कागद रस्त्यावर पसरले, चार कोपऱ्यांना खडे ठेवले आणि ढीग लावायला बसली. एकावर एक नाही. वेगवेगळे, क्रमानं. आणि प्रत्येक ढिगाचं नाव मोठ्यानं. काउंटरवर ती असंच बोलायची आणि दुसरं माणूस मागून होकार द्यायचं. आता मागून कुणी बोलत नव्हतं.

"ह्वांगची. हे ठीक. फूलिंग. हेही ठीक. रेवंदचिनी, जुलाब होतात का कुणाला?"

"मला," मागून एक म्हातारा म्हणाला आणि ओशाळला.

"होणारच. आता हे बघा. या सगळे, या. हे गुप्त औषध. तुमच्या पोटात जातं ते. बघायला नको?"

रांग मोडली. माणसं आधी कुतूहलानं, मग पिशव्या सांभाळत तिच्याभोवती आली. तिनं जाळीदार चकत्यांचा ढीग केला. तो लहान नव्हता.

तेवढ्यात दवाखान्याचं दार उघडून दोउ वेनबिन बाहेर आला. पन्नाशीचा, रेशमी जुन्या धाटणीचा सदरा, पोट सुटलेलं. त्यानं कागद बघितले आणि ढिगांची रचना बघून त्याचा चेहरा क्षणभर सहा वर्षं मुळ्या कापणाऱ्या दोउसारखा झाला. मग तो हसला.

"शिफू," तो म्हणाला. गुरूला म्हणतात तसं, वाकून. "आत चला. चांगला चहा आहे. इथं धुळीत कशाला?"

"माझं काम धुळीतच आहे. हे काय आहे, छोट्या?"

"मूथोंग. सिछ्वानची. परवानगी असलेली."

"सिछ्वानची मूथोंग बेचव असते. हे तुला कुणी शिकवलं?"

"तुम्हीच, शिफू."

"मग चाव."

तिनं चकती पुढं केली. दोउनं हात पुढं केला नाही. चाळीस माणसं त्याच्या हाताकडं बघत होती. त्यानं हात मागं बांधले.

"माझ्या रोग्यांसमोर मी परीक्षा द्यायची, हे कुठल्या नियमात बसतं? यांची सूज उतरलीय. विचारा ना यांना. तुमच्या मालकांना विचारा."

"त्यांचा आकडा एकशे साठवरून दोनशे अडतीसवर गेलाय. तुमच्यातल्या किती जणांनी या तीन महिन्यांत रक्त तपासलंय?"

चियाव मावशी हळूच म्हणाली, "माझाही चढलाय. हे म्हणाले, विष निघतंय."

"विष निघत नाहीये, बाई. मूत्रपिंड जातंय."

मग दोउनं ते काढलं, जे त्यानं राखून ठेवलेलं असणार. आवाज खाली आणला, पण लोकांना ऐकू जाईल इतकाच.

"शिफू, बंदी यायच्या आधी ही वेल चौथ्या रांगेत होती. तीस वर्षं कुणी तोलली? या गावात जेवढी क्वानमूथोंग गेली तेवढी तुमच्या हातानं गेली. सांगू का सगळ्यांना? यांच्यातल्या कितीकांच्या आयांना तुम्ही पुड्या बांधून दिल्या असतील."

सूयिंगनं हातातली चकती कागदावर ठेवली. हे तिला ठाऊक होतं. बंदीचा कागद वाचला त्या दिवसापासून ती गल्लीतून जाताना घरं मोजायची. या घरात मी दिली होती. या घरातली बाई सुजून गेली. त्या घरातला माणूस. तिनं हे कुणालाही सांगितलं नव्हतं, लाव होलासुद्धा नाही. आणि आता हा हरामखोर तिला तिच्याच दुखऱ्या जागी धरून गप्प बसवायला निघाला होता.

ती उठून उभी राहिली. गुडघे करकरले.

"तू कशाला सांगतोस, मी सांगते. ऐका. मी तोलली. तीस वर्षं, या हातांनी. तुमच्या आईला दिली असेल, बापाला दिली असेल. मला माहीत नव्हतं, वैद्यांना माहीत नव्हतं. हे कारण आहे, माफी नाही. मला शिव्या द्यायच्या असतील त्यांनी नंतर घरी या, दार उघडं आहे. पण याला माहीत आहे. खण रिकामा केला तेव्हा हा माझ्या शेजारी होता. मी न कळता केलं म्हणून हा कळून करणार, आणि मी लाजेनं तोंड शिवून बसायचं? नाही बसणार. मला जेवढी लाज वाटेल तेवढ्या मोठ्यानं ओरडेन."

समितीची लाल पट्टीवाली बाई शिट्टी तोंडात धरून आली होती, ती शिट्टी न वाजवता तशीच उभी राहिली.

मग लाव हो आला. फळीवरचं वाचन सोडून, माणसं बाजूला करत, चामडी बूट वाजवत. तो खाली वाकला. वाकायला त्याला वेळ लागला. त्यानं ढिगातली एक चकती उचलली, उन्हाकडं धरली, जशी बायकोनं काल धरली होती, आणि दाढेखाली धरून चावली.

त्याचा चेहरा आक्रसला. तो थुंकला. बसचालक थुंकतात तसा, लांब, दोउच्या सदऱ्यापासून हातभरावर.

"हीच ती," तो म्हणाला. "तीन महिने रोज सकाळ-संध्याकाळ. ही चव माझ्या झोपेतसुद्धा असते." मग दोउकडं वळला. "आता तू चाव, वैद्यबुवा."

दोउ आत गेला. दार लावल्याचा आवाज झाला, मग आतून कडीचा.

पुढं व्हायचं ते झालं, आणि जे व्हायला हवं होतं त्यातलं निम्मं झालं नाही. तालुक्याची माणसं आली, पोती जप्त झाली, दवाखान्याला सील लागलं. दोउनं 'पुरवठादाराची चूक' म्हणून कागद दिला. दोन महिन्यांनी शेजारच्या गावात मेव्हण्याच्या नावानं नवी पाटी लागली, तीच गुप्त चिठ्ठी, आता सांधेदुखीवर. सूयिंग बस पकडून तिथंही स्टूल घेऊन गेली, पण ती गोष्ट वेगळी.

आणि लोक खरंच घरी आले. दोघी बहिणी आल्या, त्यांची आई सुजून गेली होती. त्यांनी शिव्या दिल्या. सूयिंगनं ऐकून घेतल्या.

लाव होचा आकडा दोनशे बारावर येऊन अडला. त्याच्या खाली येईना. गेलेलं परत येत नाही, असं नी डॉक्टरीणबाई म्हणाल्या. खुर्ची लांबली, टळली नाही. तो गोळ्या घेतो, अळणी शेवया खातो आणि रोज म्हणतो, याला जेवण म्हणतात तर मी बस चालवत नव्हतो, विमान चालवत होतो. पाय पुन्हा थोडे सुजतात. चामडी बूट पलंगाखाली आहेत.

आणि काढा घरी उकळतो. मातीच्या मडक्यात, इस्पितळाच्या चिठ्ठीवरचा, आठ नावं, आठही लिहिलेली. सूयिंग प्रत्येक मुळी आधी चावून बघते, मगच मडक्यात टाकते. उकळून झाला की चोथा नेऊन चौकात टाकते, पाटीच्या बरोबर खाली.

गुरुवारी समितीची ती बाई झाडू घेऊन आली. "आजी, मी किती वेळा सांगायचं? इथं टाकायला मनाई आहे."

सूयिंग उत्तर देणार इतक्यात चोथ्यापाशी स्टूल टाकून बसलेला लाव हो म्हणाला, "झाडू बाजूला ठेव पोरी. अजून कुणी बघितलेला नाही."

"आणि कुणी बघितलंच नाही तर?"

"तर तू बघ," तो म्हणाला आणि स्टूलवरून सरकून तिला जागा करून दिली.